हार्डिंग कोणाचा मुलगा? बार्कली घराण्याचा मूळपुरुष शोधताना

पश्चिमवारा (धागाकर्ती)

ब्रिस्टलमध्ये कॉलेज ग्रीनच्या कडेला, कॅथीड्रलला लागून, जुन्या मठाचा दगडी दरवाजा उभा आहे. खालची कमान बाराव्या शतकातली, दातेरी नक्षीची. वरचा मजला १५००च्या सुमाराला चढवलेला. सहा वर्षं मी त्याखालून ये-जा करते, पण कमानीवरची लॅटिन ओळ कधी वाचली नव्हती. गेल्या महिन्यात आई इथे आली होती. तिने बोट दाखवून विचारलं, "काय गं लिहिलंय वर?" आणि मला सांगता येईना. घरी आल्यावर फोटो मोठा करून एकेक अक्षर लावलं. अर्थ असा निघतो: राजा दुसरा हेन्री आणि लॉर्ड रॉबर्ट, जो हार्डिंगचा मुलगा, जो हार्डिंग डाकियाच्या राजाचा मुलगा, हे दोघे या मठाचे पहिले संस्थापक.

'फिलिई रेगिस डाकिए'. डाकियाच्या राजाचा मुलगा. या तीन शब्दांपायी माझे चार आठवडे गेले. हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण मला एकटीला आता पुढचं दिसत नाही.

हा रॉबर्ट म्हणजे रॉबर्ट फिट्झहार्डिंग. 'फिट्झ' म्हणजे 'अमक्याचा मुलगा', आडनाव नव्हे. जन्म १०९५च्या आसपास, मृत्यू ११७०च्या सुमाराला. ब्रिस्टलमधला गडगंज माणूस. ११३५ नंतर स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात गादीसाठी जवळजवळ १८ वर्षं यादवी चालली. मटिल्डाचा सावत्र भाऊ, ग्लॉस्टरचा अर्ल रॉबर्ट, ब्रिस्टलचा किल्ला धरून होता. फिट्झहार्डिंगने या पक्षामागे आपला पैसा उभा केला. अर्लकडून त्याने शहराभोवतीच्या जमिनी मिळवल्या: बेडमिन्स्टर, रेडक्लिफ, बिल्सविक. बिल्सविकला ११४० मध्ये त्याने सेंट ऑगस्टीनचा मठ घातला, तेच आजचं कॅथीड्रल. मटिल्डाचा मुलगा हेन्री अजून राजा व्हायचा होता, तेव्हाच ११५३च्या सुमाराला त्याने रॉबर्टला बार्कलीची जहागीर दिली. तिथून बार्कली घराणं सुरू होतं. १३२७ मध्ये दुसरा एडवर्ड राजा ज्यांच्या किल्ल्यात कैदेत मेला, ते हेच. घराणं अजून त्याच किल्ल्याचं मालक आहे. (लिहिताना बर्कली दिसतं, इंग्लंडात म्हणतात बार्कली.)

रॉबर्टपासून खाली सगळं चोख आहे. सनदा आहेत, खटल्यांचे कागद आहेत. घराण्याचा कारभारी जॉन स्मिथ (१५६७–१६४१) याने ते सारे दस्तऐवज चाळून पिढीवार चरित्रंच लिहून ठेवली. रॉबर्टचा बाप हार्डिंग, हेही नावातच आलं. अडतं ते हार्डिंगच्या वर.

दरवाजा म्हणतो, डेन्मार्कचा राजपुत्र. दुसरं उत्तर जास्त साधं आहे आणि मला जास्त आवडतं. इंग्लंड नॉर्मनांनी घेण्याआधी एडवर्ड राजाच्या दरबारात एडनॉथ नावाचा 'स्टॅलर' होता. स्टॅलर म्हणजे राजाच्या जवळचा मोठा मानकरी. नॉर्मनांचा विल्यम जिंकला तशी एडनॉथने त्याची चाकरी धरली. विल्यमशी लढताना मेलेल्या हॅरल्ड राजाचे मुलगे १०६८ मध्ये आयर्लंडहून गलबतं घेऊन एव्हन नदीच्या मुखात शिरले. अँग्लो-सॅक्सन वृत्तात लिहिलं आहे की त्यांनी ब्रिस्टलवर चाल केली, पण शहरवासीयांनी त्यांना नेटाने परतवलं. मग ते सॉमरसेटमध्ये उतरले, तिथे एडनॉथ त्यांच्याशी लढला आणि पडला.

आता विल्यम ऑफ माम्सबरी. हा इतिहासकार भिक्षू ब्रिस्टलपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या मठात राहायचा. ११२५च्या सुमाराला हाच प्रसंग सांगताना तो एडनॉथच्या नावापुढे जोडतो: हार्डिंगचा बाप, जो हार्डिंग अजून हयात आहे, आणि ज्याला लढाईत शस्त्र परजण्यापेक्षा खटल्यांत जीभ परजायची सवय जास्त.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत एक फेरी मारली. बाप लढाईत गेला, देश परक्यांनी घेतला, आणि हा मुलगा कोर्टकचेऱ्या करत ५० वर्षं टिकून राहिला.

तर प्रश्न एकच. माम्सबरीचा हा हार्डिंग आणि आमच्या रॉबर्टचा बाप हार्डिंग, एकच का? 'रॉबर्ट, हार्डिंगचा मुलगा, एडनॉथचा नातू' असं त्या काळच्या माणसाने एका ओळीत लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. सगळी जोड परिस्थितीवरून आहे. मला ती पटते. पण मनातून हवीशी आहे म्हणून पटते आहे की काय, याचीही धास्ती वाटते. जुने कागद वाचणाऱ्यांनी जरा उलटतपासणी करावी.

रानजाई

वाचतेय, सुंदर धागा! एक प्राथमिक शंका. डाकिया म्हणजे आजचा रोमानिया ना? शाळेत रोमन साम्राज्यात वाचल्यासारखं आठवतं. मग डेन्मार्क कुठून आलं?

पश्चिमवारा

बरोबर आठवतंय तुला. रोमनांचा डाकिया प्रांत तोच. पण मध्ययुगात चर्चच्या लॅटिनमध्ये डेन्मार्कलाच डाकिया म्हणू लागले. तेव्हा दरवाजावरचा राजा डेन्मार्कचाच.

आणि तिथेच ती गोष्ट ढासळते असं मला वाटतं. नंतरच्या वंशावळ्यांत लिहिलंय की हा राजपुत्र हार्डिंग १०६६ मध्ये विल्यमबरोबर इंग्लंडात आला. त्या वर्षी डेन्मार्कच्या गादीवर स्वेन एस्ट्रिडसन होता. त्याला मुलगे पुष्कळ, त्यातले पाच एकामागून एक राजे झाले: हाराल्ड, क्नूट, ओलुफ, एरिक, निल्स. त्यांच्यात हार्डिंग कुणीच नाही. शिवाय स्वेन हा विल्यमचा शत्रू. १०६९ मध्ये त्याने इंग्लंडवर आरमार पाठवलं ते विल्यमला हुसकायला. अशा राजाचा मुलगा तीन वर्षं आधी विल्यमच्या सैन्यात असेल हे कसं मानायचं?

मोडीवाचक

ताई, धागा फार मनापासून लिहिला आहे. वाचनखूण साठवली.

मी आयुष्यभर आपल्याकडचे मोडी कागद वाचले, इंग्लंडचा अभ्यास नाही. पण एक सवय लागली आहे ती सांगतो. एखादी माहिती खरी की खोटी हे विचारण्याआधी ती पहिल्यांदा कधी दिसते आणि तेव्हा ती कोणाला हवी होती, हे विचारायचं. डेन्मार्कच्या राजपुत्राची गोष्ट पहिल्यांदा कुठे येते?

पश्चिमवारा

काका, मी पाहिलं त्यात सर्वांत ठसठशीत जागा म्हणजे ॲबट जॉन न्यूलंडने तयार केलेला घराण्याचा वृत्तांत. न्यूलंड १४८१ ते १५१५ या मठाचा प्रमुख होता. दरवाजाचा वरचा मजलाही त्याच काळातला. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी.

मोडीवाचक

मग ही बखर झाली. बखर टाकाऊ नसते, पण तिच्यावर भार टाकून चालता येत नाही. मठ कोणी घातला? बार्कलींच्या पूर्वजाने. मठात पुरलं कोणाला? बार्कलींना. मठाला देणग्या कोणाच्या? ॲबटने आश्रयदात्याचं कूळ राजाला नेऊन भिडवलं यात नवल नाही.

पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. १४८०-९० मध्ये बार्कलींना राजवंशाची गरज का पडावी? तेव्हा त्या घरात काय चाललं होतं ते जरा बघा.

पश्चिमवारा

काका, तुम्ही बोट ठेवलंत तिथे खरंच काहीतरी आहे. दोन दिवस स्मिथचं पुस्तक (१८८०च्या दशकात छापलं गेलं, जुन्या वळणाची इंग्रजी, वाचायला वेळ लागतो) घेऊन बसले होते.

त्या वेळी घराण्याचा कर्ता होता विल्यम. राजाकडून एकेक पायरी चढत १४८१ मध्ये व्हायकाउंट, १४८३ मध्ये अर्ल, १४८९ मध्ये मार्क्विस झाला. त्याला मूल राहिलं नाही. वारस म्हणजे धाकटा भाऊ मॉरिस. आणि विल्यमने काय करावं? बार्कलीचा किल्ला आणि वडिलोपार्जित जहागीर सातव्या हेन्री राजाच्या आणि त्याच्या पुरुषवंशाच्या नावे करून टाकली, भावाला वाऱ्यावर सोडून! १४९२ मध्ये विल्यम गेला आणि किल्ला राजाकडे गेला. तो घराण्याला परत मिळाला १५५३ मध्ये, सहाव्या एडवर्डबरोबर तो राजवंश पुरुषबाजूने संपला तेव्हा.

भावावर राग का, याचं कारण स्मिथ देतो. मॉरिसने इझाबेल मीडशी लग्न केलं होतं. तिचा बाप फिलिप मीड ब्रिस्टलचा व्यापारी, शहराचा महापौर राहिलेला. व्यापाऱ्याची मुलगी म्हणजे हलक्या रक्ताची, घराण्याला कमीपणा आणणारी, असं विल्यमला वाटे.

हे वाचून मी शनिवारी मुद्दाम रेडक्लिफला सेंट मेरीच्या चर्चमध्ये जाऊन आले. मीडची दगडी समाधी तिथे आहे. जरा वेळ समोर उभी राहिले. ज्या रेडक्लिफमध्ये हे चर्च आहे ती जमीन तीनशे वर्षं आधी रॉबर्ट फिट्झहार्डिंगने मिळवलेली. त्याचंही वैभव ब्रिस्टलच्या पैशावरच उभं होतं. म्हणजे ब्रिस्टलच्या सावकाराच्या वंशजाला ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याची मुलगी घरात नको झाली होती. अशा घराला मूळपुरुष म्हणून बाजारपेठेतला हार्डिंग कसा चालेल? तिथे राजपुत्रच लागतो.

न्यूलंडने विल्यमच्या सांगण्यावरून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण हवा ती होती.

आजोळ

आमच्या कुलवृत्तांतात मूळपुरुषाच्या वर थेट गोत्रऋषी आहेत, मधल्या पिढ्या कोऱ्या. लहानपणी आजोबांना विचारलं होतं, मधले कुठे गेले? ते म्हणाले, "ते शेती करत होते, त्यांना कोण लिहिणार." हे वाचताना आजोबांची आठवण आली. लिहीत राहा ताई.

शंकासुर

डेन्मार्कचा निकाल लागला, मान्य. पण एक गोष्ट खोटी ठरली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही. एडनॉथच्या बाजूने मांडलेलं मला सैल वाटतं. माझे आक्षेप:

हार्डिंग हे नाव त्या काळी एकाच माणसाचं होतं का? १०६२च्या वॉल्टमच्या सनदेवर साक्षीदारांत राणीच्या मद्यकोठीचा अधिकारी म्हणून एक हार्डिंग आहे. तो कोण? तोच धरला तर ११२५ मध्ये त्याचं वय ८०च्या वर जातं, आणि १०९५ला मुलगा होतो म्हणजे ५०-५५ व्या वर्षी. अशक्य नाही, पण ओढूनताणून.

दुसरं, एडनॉथच्या जमिनी. १०८६ची डूम्सडे नोंद (विल्यमने करवलेली जमिनींची पाहणी) काढून बघा. त्याच्या बहुतेक जमिनी ह्यू, चेस्टरचा अर्ल, याच्या ताब्यात गेलेल्या दिसतात. सख्खा मुलगा जिवंत असताना बापाची इस्टेट परक्याला?

आणि तिसरं, सरदाराचा नातू व्यापारी कसा होतो?

पश्चिमवारा

शंकासुर, आभार. हेच हवं होतं. उलट क्रमाने घेते.

रॉबर्ट तराजू घेऊन बसणारा व्यापारी होता असं सिद्ध करणारा कागद मलाही मिळाला नाही. पैसा होता, शहरात मोठं घर होतं, जमीन विकत घेण्याची ताकद होती, एवढं दिसतं. नॉर्मनांनी खेड्यांतल्या जहागिरी आपसांत वाटून घेतल्यावर इंग्रज घरातल्या माणसाला वर येण्याची जागा उरली ती शहरात. १०६८ मध्ये एडनॉथ याच मुलखात लढत होता, तेव्हा त्याच्या मुलाचा पाय ब्रिस्टलमध्ये रोवलेला असणं मला विचित्र वाटत नाही.

जमिनींचा आक्षेप खरा आहे आणि तो मलाही टोचत होता. पण विल्यमने पश्चिमेकडे ह्यूला बसवताना एडनॉथची जागाच्या जागा उचलून दिली असं चित्र दिसतं. नवा राजा मेलेल्या सरदाराच्या जमिनी वारसाला देईलच असं नव्हतं, वारस इंग्रज असेल तर मुळीच नाही. गंमत अशी की त्याच डूम्सडेमध्ये सॉमरसेटला, राजाच्या इंग्रज ताबेदारांत, हार्डिंग हजर आहे. मेरियट नावाच्या गावात. एक्झिटर कॅथीड्रलमध्ये या पाहणीची जी जास्त तपशिलाची वही आहे तिच्यात तो बापाच्या नावानिशी येतो. म्हणजे बापाची मोठी इस्टेट गेली, मुलाकडे तुकडे राहिले.

आता नाव. त्या बापाचं नाव तिथे एल्नॉड, अल्नॉड अशा रूपांत आहे. नॉर्मन कारकुनांना इंग्रजी नावं उच्चारता येत नसत, जे कानावर पडलं ते लिहिलं. एथेलनॉथ, एल्फनॉथ, एडनॉथ या सगळ्यांचं अल्नॉड होऊ शकतं. त्यामुळे डूम्सडेचा हार्डिंग एडनॉथचाच, हे फक्त अक्षरांवरून सांगता येत नाही. माम्सबरीच्या वाक्याशी जोडून बघावं लागतं.

आणि १०६२चा हार्डिंग वेगळा. त्याला विल्टनचा हार्डिंग म्हणतात, विल्टशायरमधला माणूस. जुन्या लेखकांनी दोघांना एक केल्यामुळे वयाचा घोळ झाला. दोघे वेगळे काढले की आपला हार्डिंग १०५०च्या आसपास किंवा नंतर जन्मलेला धरता येतो. ११२५ला सत्तरीत. रॉबर्ट त्याला चाळिशीत झाला. यात ओढाताण काही नाही.

मोडीवाचक

आणखी एक कागद तपासा. १०९६ मध्ये विजेत्या विल्यमचा मुलगा, राजा विल्यम रूफस याने डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये राजाचे खटले चालवायला चार जण पाठवले होते, टॅव्हिस्टॉक मठाच्या कागदात ते येतं असं काल वाचलं. त्या चौघांत एक हार्डिंग आहे, बापाचं नाव 'बेल्नोल्ड' असं छापलंय. काही अभ्यासक हा आपलाच धरतात. आमच्याकडे मोडीत 'ब' आणि 'व' वरून घराणी बदललेली मी पाहिली आहेत, त्यामुळे बापाच्या नावाच्या एका अक्षरावर मी कोणाला फाशी देणार नाही. पण न्यायासनावर बसलेला इंग्रज हार्डिंग आणि 'खटल्यांत जीभ परजणारा' हार्डिंग, या दोघांचा चेहरा जुळतो.

गुणसूत्र

मी रेण्वीय जीवशास्त्रात काम करते, म्हणून विचारते. घराणं अजून आहे, पुरुषवंशाने चालत आलंय, मग वाय गुणसूत्र का तपासत नाही, असं इथे कोणीतरी म्हणेलच. आधीच उत्तर देऊन ठेवते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे आजच्या दोन शाखा एकाच पुरुषापासून आल्या का, हे कळू शकतं. पण एडनॉथशी जुळवायला एडनॉथच्या बाजूचं काहीतरी हवं. त्याचं थडगं कुठे आहे हे माहीत आहे का? नसेल तर तुलना कशाशी करायची? फार तर मेरियटच्या हार्डिंगपासून निर्विवाद उतरलेली दुसरी पुरुषशाखा सापडली, तर तिची बार्कलींशी तुलना करता येईल.

त्यातही धोका आहे. लेस्टरमध्ये २०१२ला वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा मिळाला, त्याचं काम आठवा. आईकडून येणारा डीएनए आजच्या नातेवाइकांशी जुळला. पण तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषवंशाने आलेल्या, कागदोपत्री पक्क्या असलेल्या ब्यूफोर्ट घराण्यातल्या आजच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळलं नाही. १९-२० पिढ्यांत कुठेतरी बाप वेगळा निघाला. तो कुठल्या पिढीत, हे सांगता आलेलं नाही. पाच जणांतल्या चौघांचं आपसांत जुळत होतं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही. इतके चांगले कागद असूनही ही अवस्था. तेव्हा तुमचा शोध सध्या तरी कागदांतच आहे.

पश्चिमवारा

गुणसूत्र, किती स्वच्छ लिहिलंस! एडनॉथ कुठे पुरला हे माझ्या कुठल्याच कागदात नाही. पण तू म्हणालीस तशी दुसरी शाखा मात्र इतिहासात आहे. मेरियटला पुढे 'डी मेरियट' नावाचं घराणं नांदलं. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने आपल्या सरदारांना विचारलं होतं की तुमच्याकडून किती घोडेस्वारांची चाकरी निघते. त्या उत्तरांमध्ये सॉमरसेटमधून एक उत्तर आहे: निकोलस, हार्डिंगचा मुलगा.

११६६! म्हणजे रॉबर्ट फिट्झहार्डिंग अजून जिवंत आहे, आणि त्याच वेळी मेरियटच्या हार्डिंगचाही मुलगा जिवंत आहे. दोघांची पिढी एक. आणि आमच्या रॉबर्टने स्वतःच्या एका मुलाचं नाव काय ठेवलं? निकोलस. हिल आणि निम्प्सफील्डची फिट्झनिकोल शाखा त्याच्यापासूनच निघाली.

चुलत्याचं नाव पुतण्याला. रात्री साडेअकराला हे लक्षात आलं, तेव्हा आईला उठवून सांगितलं.

शंकासुर

हा मुद्दा मात्र वजनदार आहे, मानतो. तरी दोन गोष्टी. १०८६ला जमीन धरणाऱ्याचा मुलगा ११६६ला जिवंत, म्हणजे ८० वर्षांचं अंतर. मध्ये दुसरा हार्डिंग, नातू, बसत नाही हे कशावरून? आणि निकोलस नाव: ब्रिस्टलमध्ये पुलाजवळ सेंट निकोलसचं चर्च त्या काळी होतंच. ब्रिस्टलच्या माणसाने मुलाचं नाव निकोलस ठेवायला चुलता लागत नाही.

पश्चिमवारा

पहिल्याला उत्तर: माम्सबरी सांगतो तो हार्डिंग ११२५ला हयात आहे. त्याला ११००च्या आसपास मुलगा झाला असेल तर ११६६ला तो साठीचा. रॉबर्ट त्याहून थोडा मोठा. मधला हार्डिंग घालायची गरज पडत नाही. पण तो नव्हताच असं शपथेवर नाही सांगता येणार. दुसऱ्याला उत्तर नाही माझ्याकडे. चर्चचं मी विसरलेच होते.

तिठा

बायकांबद्दल कोणीच बोललं नाही. रॉबर्टची बायको कोण? आणि बार्कली रॉबर्टला मिळाली त्याआधी तिथे कोणीच नव्हतं का?

पश्चिमवारा

तिठा, बरं केलंस विचारलंस. बायको ईव्हा. नवऱ्यामागे तिने ब्रिस्टलमध्ये टेकडीवर मेरी मॅग्डलीनचा जोगिणींचा मठ घातला आणि स्वतः त्याची प्रमुख झाली. एवढं नक्की. तिलाही पुढच्या लोकांनी विजेत्या विल्यमची भाची वगैरे करून ठेवलंय. नवऱ्याकडे राजा, बायकोकडे राजा. माझ्या दृष्टीने त्या गोष्टीला आधार नाही.

आणि हो, बार्कलीला आधीचे लोक होते. त्यांचंही नाव बार्कलीच! रॉजर ऑफ बार्कली, डर्स्लीचे. त्यांच्याकडून जहागीर काढून रॉबर्टला दिली, तेव्हा साहजिकच वैर पेटलं. मग हेन्रीने मध्ये पडून ब्रिस्टलमध्ये रॉबर्टच्याच घरी तह घडवला. करार आजही वाचायला मिळतो. रॉबर्टचा मुलगा मॉरिस याने रॉजरची मुलगी करायची, तिच्याबरोबर स्लिमब्रिज गाव यायचं. आणि रॉजरच्या मुलाने रॉबर्टची मुलगी करायची. साटंलोटंच. मॉरिसची बायको ॲलिस. म्हणजे पुढच्या सगळ्या बार्कलींच्या अंगात दोन्ही बार्कली आहेत. पुष्कळ वंशावळ्यांत या दोन घराण्यांची गल्लत होते ती इथेच.

स्मिथने प्रत्येक पिढीला एक उपाधी दिली आहे. रॉबर्टला 'श्रद्धाळू', या मॉरिसला 'समेट करणारा'. विल्यम, ज्याने किल्ला राजाला देऊन टाकला, तो 'उधळ्या'. आणि त्याचा भाऊ, इझाबेल मीडचा नवरा, ज्याने उरलेलं आयुष्य कोर्टात घालवून गेलेल्या जमिनींतल्या बऱ्याच परत मिळवल्या, त्याला नाव दिलंय 'वकील'.

मोडीवाचक

जीभ परजणारा हार्डिंग, आणि साडेतीनशे वर्षांनी हा. पुरावा नव्हे हो शंकासुर, मला ठाऊक आहे. पण वाचून बरं वाटलं.

रानजाई

मग ताई, शेवटी तू तुझ्या तक्त्यात काय लिहिणार?

पश्चिमवारा

काल रात्री मोठ्या कागदावर पुन्हा काढला. रॉबर्टपासून खाली सरळ रेघा. रॉबर्टच्या वर हार्डिंग, तीही सरळ रेघ. त्याच्या बाजूला वेगळ्या चौकटीत मेरियटचा हार्डिंग. त्याच्यावर एडनॉथ, मृत्यू १०६८, माम्सबरीच्या भरवशावर. आणि दोन हार्डिंगांच्या मध्ये तुटक रेघ. शंकासुर आणि काकांचं बोलणं डोक्यात ठेवून ती पेन्सिलने काढली आहे, शाईने नाही. डेन्मार्कचा राजा कागदाच्या अगदी वर कोपऱ्यात, कोणालाही न जोडता. शेजारी 'न्यूलंड, दरवाजा' एवढंच.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन मेरियटला जाते आहे. एडनॉथचा हार्डिंग जिथे उरलेल्या तुकड्यांवर राहिला ते गाव तिला बघायचंय. फोटो इथेच टाकेन.